पॅड बदलले आणि बेस पळाला

मागच्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं की हेडफोनचे पॅड (कानाला टेकतात त्या गाद्या) फाटले म्हणून अख्खा हेडफोन फेकू नका, नवे पॅड बसवा आणि अजून पाच वर्षं वापरा. चार ओळींचं उत्तर होतं. त्यानंतर मेलबॉक्स भरला. बऱ्याच जणांनी खरंच पॅड बदलले आणि त्यातल्या निम्म्यांची तक्रार एकच, की आवाजच बदलला हो! चूक माझी. कुठलेही पॅड चालतात असं मी म्हटलं नव्हतं, पण चालत नाहीत हेही म्हटलं नव्हतं. त्यामुळे या वेळी सगळं पान हेडफोनलाच दिलंय, टीव्ही आणि राऊटरवाल्यांनी महिनाभर थांबावं.

प्रश्न : सर, तुमचं वाचून माझ्या क्लोज्ड बॅक (कप मागून बंद असलेल्या) हेडफोनसाठी ऑनलाइन ३५० रुपयांचे व्हेलूरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे, पॅड मागवले. आधीचे रेक्झिनसारखे होते ते सोलले होते. नवे एकदम मऊ, घामही येत नाही, पण ढोलकीचा घुमारा गायब झालाय. आणि गाणारा आधी समोर बसून गायचा तो आता शेजारच्या खोलीतून गातोय असं वाटतं. ड्रायव्हर गेला का?
(एक वाचक, कल्याण)

उत्तर : ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, ठणठणीत आहे, काळजी नको. आधी एक करून बघा. ढोलकी असलेलं गाणं लावा, हेडफोन घाला आणि दोन्ही कप तळहातांनी हळूच डोक्याकडे दाबा. घुमारा परत आला ना? मग समजायचं की हवा गळतेय. (जोरात दाबू नका, आत कोंडलेल्या हवेने ड्रायव्हरचा पडदा चुरचुरतो, तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता.)

होतं काय, हेडफोनचा ड्रायव्हर साधारण ४० ते ५० मिलिमीटरचा असतो, म्हणजे वाटीच्या तळाएवढा. एवढ्याशा पडद्याने खोलीभर बेस, म्हणजे खालचा घुमारा, वाजवणं शक्यच नाही. तो वाजतो कारण पडदा आणि तुमचा कान यांच्या मधे अगदी थोडी हवा बंद केलेली असते, आणि पडदा जरासा हलला तरी त्या हवेवर दाब येतो. सायकलचा पंप आठवा. टोकावर बोट घट्ट धरलं तर दट्ट्या दाबता दाबत नाही, बोट जरा ढिलं केलं की फुस्स. तुमचे रेक्झिनचे पॅड म्हणजे ते घट्ट बोट होतं, व्हेलूर म्हणजे ढिलं. बेसच्या कंपनांना एक फेरी पुरी करायला वेळ भरपूर लागतो, ५० हर्ट्झला सेकंदाचा पन्नासावा भाग, तेवढ्यात हवा कापडाच्या विणीतून आरामात निसटते आणि दाब तयारच होत नाही. ट्रेबलच्या, म्हणजे वरच्या बारीक आवाजाच्या, बाबतीत हवेला निसटायला तेवढा वेळ मिळत नाही म्हणून तो जागच्या जागी राहतो. म्हणून फट पडली की आधी खालचं जातं.

आता गाणारा लांब का गेला ते. नवे पॅड जाड आहेत का? तुम्ही लिहिलं नाही पण पैजेवर सांगतो असणार, कारण ३५० रुपयांचे पॅड कुठल्या एका मॉडेलसाठी शिवलेले नसतात, ‘अमुक ते तमुक मॉडेलला बसतात’ अशी वीस नावांची यादी असते. पॅड जाड झाला की कान ड्रायव्हरपासून लांब जातो, आणि कानाभोवतीची ती छोटी खोली मोठी होते. खोली म्हणतोय ते उगाच नाही. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, तिला या खोलीच्या भिंतींशी काही देणंघेणं नाही. पण ८००० हर्ट्झची लाट फक्त सव्वाचार सेंटिमीटरची, म्हणजे पॅडच्या आतल्या भोकाएवढीच. ती भिंतीवर आपटते, परतते, स्वतःलाच कुठे वाढवते कुठे मारते. भिंत गुळगुळीत रेक्झिनची असेल तर लाट परत येते, व्हेलूरची किंवा जाळीदार कापडाची असेल तर बरीचशी जिरते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा आणि गाद्या-गोधड्या रचलेल्या खोलीत वाजवा, तसं. म्हणजे तुम्ही एका फटक्यात फट, अंतर आणि भिंत अशा तीन गोष्टी बदलल्या, आणि आवाज तोच राहावा अशी अपेक्षा ठेवली. मी पण ठेवली होती, म्हणून हसत नाहीये.

याचा अर्थ व्हेलूर वाईट असा मात्र काढू नका. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० क्लोज्ड बॅक आहे, कंपनीतूनच बहुतेक वेळा व्हेलूर पॅड घालून येतो आणि त्याला बेस कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. कारण तो हेडफोन त्या पॅडसकट जुळवलेला आहे. उलट त्याला रेक्झिनचे पॅड घातले की आवाज भलतीकडे जातो. पॅड चांगला का वाईट असं नसतंच, कोणत्या हेडफोनवर ते बघायचं.

तुमच्यासाठी उपाय : जुना पॅड टाकला नसेल तर पट्टी घेऊन मोजा. आतल्या भोकाची लांबी-रुंदी, न दाबता जाडी, आणि सोललेला असला तरी मूळ कापड कुठलं ते. नवा त्याच्या जितका जवळ तितका आवाज जवळ. घामाचा त्रास असेल तर हायब्रिड पॅड मिळतात, कातडीला टेकतो तो भाग व्हेलूरचा आणि बाजूच्या भिंती रेक्झिनच्या, तो बरा मधला मार्ग आहे. आणि बसवताना पॅडची किनार खाचेत सगळीकडून गेली का ते नखाने फिरवून बघा, जुनं एटीएम कार्ड घेऊन ढकललं की पटकन जाते. एका बाजूला किनार बाहेर राहिली तर तिथेच फट. अर्ध्या तक्रारी तर या एका गोष्टीच्या निघतात.

प्रश्न : माझ्या हेडफोनच्या गाद्यांचा काळा भुगा पडतो. ऑनलाइन तास घेताना कानाला, गालाला, केसांना काळे कण. विद्यार्थ्यांनी एकदा विचारलं, मॅडम गालाला काजळ लागलंय. सासूबाईंनी जुन्या सुती साडीची सुंदर कव्हरं शिवून दिली आहेत. पण त्यानंतर आवाज पातळ झाल्यासारखा वाटतो. कव्हरामुळे का?
(एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा आणि हो, कव्हरामुळेच. पण फक्त कव्हरामुळे नाही.

आधी भुगा. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं असतं. या प्लॅस्टिकच्या काही जातींना ओलावा सोसत नाही, हवेतलं पाणीच त्याच्या साखळ्या तोडतं, आणि उकाडा असला की काम आणखी जोरात होतं. हायड्रॉलिसिस म्हणतात त्याला. न वापरता डब्यात ठेवलेले बूट चार वर्षांनी काढले आणि तळ गळून पडला हा अनुभव घरोघरी आहे ना, तोच प्रकार. रत्नागिरीची हवा, जून ते सप्टेंबर, त्यात कानामागचा घाम आणि खोबरेल तेल. गाद्यांनी किती तग धरायचा! एकदा थर सुटायला लागला की उलट फिरवता येत नाही. कसलं लोशन, कसलं पॉलिश, काही लावू नका.

आवाजाचं म्हणाल तर वरचा थर हाच हवा अडवणारा पडदा होता. तो सोलला की खाली विणलेलं कापड उघडं पडतं आणि बेस थोडा थोडा गळायला लागतो. हे इतकं हळूहळू होतं की लक्षातच येत नाही, दोन वर्षांत कान रुळतो. वर सुती कव्हर आलं की त्वचा आणि गादी यांच्यात आणखी एक हवेशीर पदर आला, सुती साडी म्हणजे उन्हाळ्यात हवा खेळावी म्हणूनच नेसतो आपण. तिथून बेस गेला. तास घेण्यापुरतं बोलणं ऐकायचं असेल तर काही बिघडत नाही, उलट पातळ आवाजात शब्द स्पष्ट कळतात, कव्हर राहू द्या. गाणी ऐकायची असतील तर नव्या गाद्या घ्या, आणि दोन जोड एकदम घेऊन ठेवू नका, दुसरा जोड कपाटात पडल्या पडल्याच सोलायला लागतो. खरं चामडं घ्यावं का असं विचाराल तर कोकणात त्याला बुरशी धरते, तेव्हा ते मुंबई-कोकणवाल्यांनी जपूनच. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि पावसाळ्यात हेडफोन स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून ठेवायचा, पण घाम सुकल्यावर, ओला ठेवलात तर डबा म्हणजे वाफारा होईल.

प्रश्न : मला चष्मा आहे. मित्राचा आणि माझा हेडफोन सेम टू सेम, तरी त्याच्या डोक्यावर बेस जास्त वाजतो म्हणतो. असं होऊ शकतं का, की तो फेकतोय?
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : होऊ शकतं रे, मित्र खरं बोलतोय. चष्म्याची काडी कानावरून जाते तिथे पॅड उचलला जातो आणि काडीच्या वर-खाली दोन बारीक बोगदे तयार होतात. काडी जितकी जाड तितका बोगदा मोठा. एकदा गाणं चालू ठेवून चष्मा काढ आणि परत घाल, फरक लगेच कळेल. पातळ धातूच्या काडीचा चष्मा आणि मऊ, हळू उसळणाऱ्या मेमरी फोमचा पॅड असला तर फोम काडीभोवती बसतो आणि गळती कमी होते. कानामागचे लांब केस, दाढीचे कल्ले, कानातली मोठी कुडी, यांनी पण हेच होतं. नॉइज कॅन्सलिंगवाला (बाहेरचा गोंगाट दाबणारा) असेल तर डबल नुकसान, कारण कपच्या आतला माईक याच बंद पोकळीतला आवाज ऐकून उलटा आवाज तयार करतो, पोकळी गळकी झाली की त्याचाही हिशोब चुकतो आणि बसचा घरघराट आत येतो.

प्रश्न : आमच्या घरात तंबोरे बनतात. आम्ही ट्यूनिंग म्हणतो ते स्वर जुळवणं. पण हेडफोनवाले ‘या हेडफोनचं ट्यूनिंग वॉर्म आहे’ असं काय म्हणतात? त्याला खुंट्या कुठायत?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : वा, मिरजेहून तंबोऱ्यावाल्यांचा प्रश्न! २०२४ मध्ये तुमच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हाच पत्र टाकायला हवं होतं, राहून गेलं, आता अभिनंदन.

तुमच्या भाषेत सांगायचं तर हेडफोनचं ट्यूनिंग म्हणजे खुंटी पिळणं नाही, जवारी काढणं. स्वर तोच, पण घोडीवर दोरा केसभर मागेपुढे सरकवला की तीच तार कधी बंद वाजते कधी फुलून येते, कुठला भाग पुढे यावा ते तुम्ही ठरवता. हेडफोनमधे ‘सा’ बदलत नाही, सा-तल्या कुठल्या अंशाला किती जोर मिळावा ते बदलतं. खालचा भाग जरा चढता आणि वरचा जरा मऊ ठेवला की लोक त्याला वॉर्म म्हणतात, उलट केलं की ब्राइट.

आणि हे करायची साधनं ऐकाल तर तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल. ड्रायव्हरच्या मागे भोकं असतात, त्यावर कागद किंवा बारीक विणीचं कापड चिकटवतात, कापड घट्ट तर हवा अडते, सैल तर सुटते, त्यावर बेस ठरतो. कपच्या आत कापूस, फोम किंवा नमद्याचा तुकडा ठेवतात, मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज त्यात जिरतो. कपला बाहेर एखादं टाचणीएवढं भोक असतं, बरेच जण ते माईकचं समजतात, ते हवेसाठी असतं. ड्रायव्हरच्या पुढे जाळी आणि मग आपला पॅड. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक थापतात आणि चिमूटभर कमी-जास्त करून घुमारा ठरवतात, तसंच हे काम, वजन आणि अडथळा इकडेतिकडे करत बसायचं.

मी स्वतः एक उद्योग केलाय. माझा एक हेडफोन ‘स’ आणि ‘श’ ला कानात टोचायचा, बासरी ऐकली की दात शिवशिवायचे. पॅड काढला, टिश्यू पेपरचा एकच पदर वेगळा केला (दोन पदर असतात, ते सोडवायला संयम लागतो), गोल कापून जाळीवर ठेवला आणि पॅड परत लावला. टोचणं बऱ्यापैकी कमी झालं. दोन पदर ठेवले तर झांजा घोंगडीखालून वाजतात. एक गोल डाव्या बाजूला जरा मोठा कापला गेला होता तर आठवडाभर गाणारी बाई उजवीकडे सरकून गात होती आणि मी कानात मळ झाला म्हणून डॉक्टरकडे जायच्या बेतात होतो.

आता यातला खरा घोळ. तंबोरा बरोबर लागला हे तुमचा कान सांगतो, पण हेडफोन ‘बरोबर’ म्हणजे कसा? तुम्हाला वाटेल सगळ्या स्वरांना सारखा जोर, सरळ रेघ. तसं केलं तर आवाज पिठूळ आणि लांबचा वाटतो. कारण आपला कानच सरळ नाही. बाहेरच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडद्याने बंद, त्यामुळे तिची स्वतःची एक घुमण्याची जागा आहे, ३००० हर्ट्झच्या आसपास. समोरून येणारा आवाज पाळीवर आपटून नळीत घुमून पडद्यापाशी पोचेपर्यंत तिथे साधारण १० डेसिबलने वाढलेला असतो, आणि जन्मापासून तेच ऐकल्यामुळे मेंदूला तेच सरळ वाटतं. हेडफोन कानावर ठेवला की खोलीतून, डोक्यावरून, खांद्यावरून येण्याचा तो सगळा प्रवासच रद्द होतो, म्हणून बनवणाऱ्याला ती वाढ हिशोबात धरावी लागते.

किती धरावी यावर बरीच वर्षं वाद होते. मग अमेरिकेत हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण २०१२ पासून पुढे बऱ्याच लोकांना हेडफोन ऐकवून कुठला आवाज आवडतो हे मोजायला घेतलं. बहुतेकांना आवडला तो आवाज चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा होता, ३००० हर्ट्झपाशी उंचवटा आणि बेस सरळ रेघेपेक्षा बऱ्यापैकी चढा. त्याला हार्मन टार्गेट म्हणतात आणि आज बऱ्याच कंपन्या तो समोर ठेवून जुळवतात. पण काहींना त्याहून जास्त बेस हवा होता, काहींना कमी, हेही त्याच प्रयोगांत दिसलं. म्हणजे किराणा घराण्याची आणि जयपूर घराण्याची जवारी एकच काढा असं तुम्हाला कोणी सांगितलं तर तुम्ही जसं हसाल तसंच. माझं मत विचाराल तर आपल्या गाण्याला हार्मनचा बेस जरा जास्तच होतो. पुरुषाच्या काळी एक पट्टीच्या तंबोऱ्यात खर्जाचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, तिथे फार चढवलं की खर्ज फुगतो आणि जवारीचा झंकार त्याखाली दबतो. ढोलताशाला मात्र मस्त.

प्रश्न : हे सगळं इक्वलायझरने (आवाजाचा कुठला भाग किती चढवायचा-उतरवायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रॅमने) होत असताना पॅडच्या मागे कशाला लागायचं? मी इक्वलायझर एपीओ टाकलंय, फुकट आहे, बेस १० डीबी (डेसिबल) वाढवला, विषय संपला.
(एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : संपला असता, पण तुम्हीच पुढे लिहिलंय की ‘मोठ्या आवाजात जरा फाटतो’. १० डीबी म्हणजे ड्रायव्हरच्या पडद्याला तिप्पटीहून जास्त हलायला लावणं आणि त्याला दहापट पॉवर देणं. पंक्चर न काढता दर सकाळी हवा भरत बसण्यासारखं आहे ते. शिवाय गळती दर वेळी सारखी नसते, आज केस विंचरून बसलात, उद्या चष्मा लावलात, परवा मान तिरकी, प्रत्येक वेळी बेस वेगळा, आणि इक्वलायझर मात्र रोज तेवढेच १० डीबी देतो. आधी पॅड नीट बसवा, फट बंद करा, मग जे उरेल ते इक्वलायझरने.

तो वापरायचाच तर एक पथ्य. जेवढं वाढवाल तेवढा प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, आधी उणे करा, म्हणजे १०५ हर्ट्झच्या खाली लो शेल्फने (खालचं सगळं एकदम चढवणाऱ्या फिल्टरने) ५ डीबी चढवलंत तर प्रीअँप उणे ५ किंवा ६. तुमचं फाटणं निम्मं याचंच असेल, सिग्नल वर छताला धडकतोय. आणि ८-१० हजार हर्ट्झवरचे बारीक सुळके (आलेखात आवाज अचानक उंचावतो त्या जागा) इंटरनेटवरची आकडेमोड बघून दाबायला जाऊ नका. मोजणी नकली कानावर झालेली असते, तिथला सुळका तुमच्या कानात वेगळ्या जागी असतो, हेडफोन अर्धा सेंटिमीटर पुढे सरकला तरी जागा बदलते. खालच्या आणि मधल्या पट्टीत इक्वलायझर राजा, वरच्या पट्टीत फक्त मोठ्या हाताने, हलकेच.

प्रश्न : नवीन हेडफोन १०० तास वाजवून ‘पिकवावा’ लागतो म्हणे, मगच आवाज खुलतो. दुकानदारानेच सांगितलं.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : दुकानदाराकडे बदलून घ्यायची मुदत किती दिवसांची आहे ते बघा, बहुतेक तुमचे १०० तास पुरे व्हायच्या आधीच संपते. गंमत सोडा. ड्रायव्हरमधे होणारा बदल फारच किरकोळ असतो. पण पॅडचा फोम पहिल्या काही आठवड्यांत डोक्याच्या उबेने आणि दाबाने खरंच बसतो, कान ड्रायव्हरच्या जवळ येतो, फट कमी होते. आणि तुमचा मेंदू रुळतो, तो सगळ्यात जास्त. रात्रभर कपाटात वाजवत ठेवून यातलं काहीच होत नाही, डोक्यावर घालावा लागतो.

प्रश्न : मी हानोव्हरला असते, इथे एका सहकाऱ्याने सेनहायजरचा एचडी ६५० वापरलेला विकला. सहा वर्षं जुना, पॅड चपटे झालेले पण आवाज अगदी उबदार, रात्री नाट्यगीतं ऐकताना डोळे भरून येतात. ओरिजिनल नवे पॅड टाकले तर आवाज कोरडा वाटायला लागला. पॅड डुप्लिकेट आहेत का? जुने फेकले नाहीयेत.
(एक वाचक, जर्मनी)

उत्तर : फेकू नका, बरं झालं. तुम्ही तर माहेरीच आहात या हेडफोनच्या, सेनहायजरची स्थापना १९४५ ची, हानोव्हरच्या शेजारी वेडेमार्कमधली. ओपन बॅक (कप मागून उघडा असलेला) हेडफोन बाजारात आणला तोही त्यांनीच, १९६८ चा एचडी ४१४, अजून त्याच्या पिवळ्या स्पंजच्या गाद्यांवरून ओळखतात लोक. तुमचा एचडी ६५० २००३ साली आला.

पॅड डुप्लिकेट असतीलच असं नाही. सहा वर्षांत फोम इतका दबतो की कान जवळपास ड्रायव्हरपुढच्या स्पंजला टेकतो. अंतर गेलं, खोली छोटी झाली, आणि त्या सगळ्याचा मिळून जो आवाज तयार झाला तो तुम्ही पहिल्यांदा ऐकलात म्हणून तुमच्यासाठी तोच ‘खरा’ एचडी ६५०. कंपनीने जुळवला तो मात्र फुगीर पॅडवर. त्यामुळे नवा जो कोरडा वाटतोय तो मूळ आवाज आहे आणि तुमच्या आवडीचा तो सहा वर्षांनी बिघडलेला, पण बिघडलेला आवडला तर त्यात गुन्हा काय! दोन-तीन आठवडे नव्यावरच ऐका, जुने मधे लावू नका. तरी मन लागलं नाही तर जुने परत चढवा, क्लिक करून बसतात, मिनिटाचं काम आहे. फक्त स्पंजचा भुगा पडायला लागला तर त्याची चकती वेगळी बदलायची असते, ती जपून काढा, कारण आवाज जुळवण्यात तिचाही वाटा आहे.

प्रश्न : हेडफोन परवडत नाही, साधे वायरवाले इअरफोन आहेत. आम्हाला काही सांगाल का नाही?
(एक वाचक, बेळगाव)

उत्तर : तुमचं काम सगळ्यात स्वस्तात होणार आहे. कानात खुपसायचे असतील तर डबीत रबरी टोप्यांचे अजून दोन जोड आले होते, लहान आणि मोठा, ते बहुतेक ड्रॉवरमधे रबरबँड आणि जुन्या सिमकार्डांबरोबर पडले असतील. शोधा. हेडफोनचा पॅड जे करतो तेच इथे ही टोपी करते, ती नीट बसली नाही तर बेस शून्य आणि नुसती चिरचिर. दोन्ही कान सारखे असतात असं धरून चालू नका, माझ्या डाव्या कानाला मोठी लागते आणि उजव्याला मधली. टोपी घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते, टोपी आत बसली की पाळी सोडा. बाहेरचा पंख्याचा आवाज एकदम दबला तर समजा बसली. नाही दबला तर दुसरा साइझ.